बौद्ध शिकवण आणि बोधिसत्त्व मार्ग शिकायचाय, सुरुवात कुठून करू? मराठीत काही मिळतं का?

मिळतं की. (बोधिसत्त्व म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी बुद्ध व्हायला निघालेला माणूस.) फक्त टेलिग्रामवरून पीडीएफ गोळा करत बसू नका, ढीग साचतो आणि वाचून काहीच होत नाही.

तुम्ही खाली लिहिलंय ना, 'बोधिसत्त्व वगैरे तिबेटी लोकांचं, आपल्याकडे त्याचं काही नाही असं ऐकलं', ते वाचून टाळकंच फिरलं माझं, कारण हेच वाक्य आमच्या भाऊजींनी मला भर विहारात ऐकवलंय. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, आमच्याकडे संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन असतं, मागं पोरांची चुळबुळ आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष खिरीच्या पातेल्याकडे. माझी पाळी होती, नेमलेलं वाचून झालं, मग मी शांतिदेव या महायान परंपरेतल्या आचार्याच्या बोधिचर्यावतारातलं, म्हणजे बोधिसत्त्वानं कसं वागावं त्यावरच्या ग्रंथातलं, थोडं सांगितलं, सहाव्या परिच्छेदातलं, क्षांतीचं, म्हणजे सहनशीलतेचं. कुणी काठीनं मारलं तर आपण काठीवर चिडत नाही, मारणाऱ्यावर चिडतो, पण त्यालाही आतून द्वेषच हाकतोय, मग चिडायचंच तर द्वेषावर चिडा. एक आज्जी म्हणाल्या, हे माझ्या सुनेला सांग. तेवढ्यात भाऊजी उठले, हे संस्कृतातलं, महायानाचं, बाबासाहेबांनी सांगितलेलं नाही, इथं चालणार नाही. कमिटीतला माणूस, कोण बोलणार!

मी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' तिथंच उघडला. पहिल्याच खंडात, चौथ्या भागात, बोधिसत्त्वाच्या दहा भूमी, म्हणजे वाटेवरच्या पायऱ्या, बाबासाहेबांनी नावानिशी दिल्यात, मुदितेपासून धर्ममेघेपर्यंत. भाऊजी म्हणे, 'ते वेगळं.' काय वेगळं ते अजून सांगायचेत.

तर त्याच ग्रंथापासून सुरू करा, घरात असेलच. मग धर्मानंद कोसंबींचं 'भगवान बुद्ध', गोव्याचा माणूस, श्रीलंकेत जाऊन भिक्षू झाला, पाली शिकला आणि लिहिलं साध्या मराठीत. जातककथा, म्हणजे बुद्धांच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, लहान मुलांच्या म्हणून सोडू नका, पालीत ५४७ आहेत आणि पारमिता, म्हणजे दान-क्षांतीसारखे बोधिसत्त्वानं पूर्णत्वाला न्यायचे गुण, काय ते त्यातच कळतं. अजिंठ्याला गेलात तर १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक नीट बघा, दानापायी पोरंबाळंसुद्धा देऊन टाकणारा राजपुत्र, मला आजही पटत नाही तो, पण बघा. इगतपुरीच्या विपश्यनावाल्यांचं देवनागरी त्रिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा पाली संग्रह, नेटवर फुकट आहे, पाली मात्र यायला हवी. इंग्रजी चालत असेल तर महायान सूत्रांसाठी '८४०००' नावाची साइट, तीही फुकट.

हां, शांतिदेवाचा नववा परिच्छेद आत्ता नको, शून्यतेचा आहे, म्हणजे कशालाच स्वतःचं असं स्वतंत्र अस्तित्व नाही या विचाराचा, एकट्यानं वाचलात तर डोकं गरगरेल, कुणीतरी जाणतं माणूस शोधा. विपश्यनेचं शिबिर जरूर करा, पण त्यानं ग्रंथ वाचून होत नाहीत.

आणि विहारात कुणी म्हणालंच की हे आपलं नाही, तर वाद नको, त्यांना बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणायला लावा आणि बारावीला थांबवा. 'दहा पारमितांचे पालन करीन' असंच आहे तिथं, आमचे भाऊजी दर १४ ऑक्टोबरला माइकवर म्हणतात.