सुभेदार मेजरना 'मेजर साहेब' म्हटलं तर चालतं का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. मुलीचे वडील लष्करातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेत, तिचे काका लेफ्टनंट कर्नल आहेत आणि अजून नोकरीत आहेत, मामेभाऊ नौदलात लेफ्टनंट कमांडर. पत्रिकेत नावं कशी छापायची आणि समोर आल्यावर कुणाला काय म्हणायचं?

मी पायदळाच्या पलटणीत क्लार्क होतो. रेझिंग डेची (पलटणीच्या स्थापना दिनाची) निमंत्रणं, निवृत्तांची पत्रं, लग्नाच्या शुभेच्छा, सगळी पाकिटं आमच्याच टेबलावरून जायची. पत्ता चुकला तर कुणी काही बोलत नसे, पण हुद्दा चुकला की फोन यायचाच. त्यामुळे तुम्ही पत्रिका छापायच्या आधी विचारताय हे बरं केलंत.

आधी मुलीच्या वडिलांचं, कारण घोळ तिथंच होणार. त्यांना 'मेजर साहेब' म्हणू नका. 'सुभेदार मेजर साहेब' म्हणा. लांबलचक वाटलं तर नुसतं 'साहेब'.

आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे सुट्टीवर आलेला साधा शिपाईसुद्धा 'मेजर' असतो. 'काय मेजर, कधी आलात?' असं पारावरचं कुणीही विचारतं आणि तोही हसून घेतो, कारण दोघांनाही ठाऊक असतं की हे कौतुकानं म्हटलंय. सुभेदार मेजरच्या बाबतीत तसं होत नाही. त्यांच्या हुद्द्यात 'मेजर' आहेच, त्यामुळे कौतुक ऐकूच येत नाही. अर्धा हुद्दा गाळला, एवढंच ऐकू येतं, आणि गाळलेला अर्धा नेमका महत्त्वाचा असतो.

लष्करात शिड्या दोन. एक अधिकाऱ्यांची: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर आणि वर तीन प्रकारचे जनरल. कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळाल्यापासून सहा वर्षांत मेजर होता येतं, म्हणजे मेजर तिशीच्या आतबाहेरचा तरुण असू शकतो. दुसरी शिडी शिपायापासून सुरू होते: लान्स नाईक, नाईक, हवालदार. त्यांच्यावर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर), म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार आणि सर्वांत वर सुभेदार मेजर. रणगाडा दळात, उदाहरणार्थ पूना हॉर्समध्ये, याच जागी दफेदार, रिसालदार, रिसालदार मेजर ही नावं येतात. आठशेच्या आसपास माणसं असलेल्या पलटणीत सुभेदार मेजर एकच. बहुतेक वेळा तो शिपाई म्हणून भरती होऊन पंचवीस-तीस वर्षं एकेक पायरी चढलेला असतो. जवानांचं काहीही असो, रजा, घरचं भांडण, मेसमधली डाळ, कमांडिंग ऑफिसर आधी त्यालाच विचारतो.

आता गंमत बघा. नुकताच कमिशन मिळालेला बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट कंपनीत येतो, तेव्हा पंचेचाळिशीतला सुभेदार त्याला सॅल्यूट करतो, कारण हुद्द्यानं लेफ्टनंट मोठा. पण बोलायला लागल्यावर तो लेफ्टनंट सुभेदाराला नावानं हाक मारत नाही, 'साब' म्हणतो. 'राम राम साब' इथूनच त्याचा दिवस सुरू होतो. इंग्रजांच्या काळात याच लोकांना व्हाइसरॉयचं कमिशन असायचं, तेव्हापासून ही 'साहेब'की चालत आलीय. तेव्हा नायब सुभेदाराला जमादार म्हणत, हे नाव १९६५ साली बदललं. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आजही आपण 'सुभेदार रामजी' असंच म्हणतो. तुमच्या व्याह्यांना 'मेजर' म्हणून बढती द्यायचं काही कारण नाही.

एक मात्र मुलीकडच्यांना आधीच विचारून घ्या: त्यांना मानद हुद्दा मिळालाय का? २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला काही जेसीओंना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन केलं जातं. तसं असेल तर पत्रिकेत 'मानद कॅप्टन' छापायचं आणि बोलताना 'कॅप्टन साहेब' म्हणायचं, तिथं 'सुभेदार मेजर' मागे पडतं. हवालदारालाही निवृत्तीच्या वेळी मानद नायब सुभेदार हा हुद्दा मिळू शकतो. विचारायला लाजू नका, सांगताना त्यांना आनंदच होईल.

आता छपाई. 'सुभेदार मेजर अमुक तमुक पाटील (निवृत्त)' असं छापा. हुद्दा लावला की 'श्री.' लावायची गरज नाही. 'निवृत्त' नावाच्या शेवटी येतं, हुद्द्याच्या आधी नाही, कारण नोकरीतून माणूस निवृत्त होतो, हुद्दा त्याच्याकडेच राहतो. 'माजी सुभेदार मेजर' तर मुळीच नको. माजी सरपंच असतो, माजी सैनिकही असतो, माजी कर्नल नसतो. सेना मेडल किंवा वीरचक्र मिळालेलं असेल तर ते नावानंतर आणि '(निवृत्त)'च्या आधी. प्रेसवाला जागा वाचवायला 'सु. मे.' करू बघेल, त्याला तिथंच थांबवा. 'ले. कर्नल' एक वेळ खपतं, 'सु. मे.' म्हणजे काय ते कुणाला कळणार नाही.

कुणी म्हणेल, स्वतंत्र भारतात पदव्या कसल्या लावायच्या? घटनेच्या कलम १८ नं सरकारला किताब द्यायला मनाई केलीय खरी, पण लष्करी आणि शैक्षणिक सन्मान त्यातून वगळलेत. 'पद्मश्री' नावाआधी लावू नये हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. 'कर्नल'ला ती अडचण नाही.

काकांचं सोपं आहे. छापताना 'लेफ्टनंट कर्नल' पूर्ण, बोलताना 'कर्नल साहेब'. नोकरीत आहेत म्हणून कंस नाही. लेफ्टनंट जनरल आणि मेजर जनरल दोघंही बोलण्यात 'जनरल साहेब' होतात, तसंच हे.

नौदलातल्या भावाला छापताना 'लेफ्टनंट कमांडर', बोलताना 'कमांडर'. त्याचा हुद्दा लष्करातल्या मेजरच्या तोडीचा, म्हणून त्याला 'लेफ्टनंट साहेब' म्हणाल तर एक पायरी खाली आणाल. नौदलाचा कॅप्टन लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचा आणि लष्कराचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा, हा घोळ तर नेहमीचाच. त्यात कोकणातून कुणी पाहुणा आला आणि 'आमचा पोरगा कॅप्टन आहे' म्हणाला, तर तो मर्चंट नेव्हीचाही असू शकतो. ती नागरी नोकरी, तिथं या पायऱ्या लागू नाहीत.

हुद्दा कधीचा लावायचा, असाही प्रश्न येतो. रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं ते १९४८ च्या कामगिरीबद्दल, तेव्हा ते सेकंड लेफ्टनंट होते, म्हणून यादीत तोच हुद्दा असतो. पण ते १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांचा उल्लेख 'मेजर राणे' असाच करायचा. (तेही आधी हवालदार, मग जमादार आणि मग अधिकारी झालेले.) घटनेबद्दल लिहिताना त्या दिवशीचा हुद्दा, माणसाला हाक मारताना त्याचा शेवटचा.

व्याह्यांच्या पलटणीतले काही जण वर्दीत आले तर खांद्याकडे बघा. दोन चांदण्या दिसल्या म्हणून लगेच लेफ्टनंट समजू नका. चांदण्यांखाली लाल-पिवळी-लाल पट्टी आडवी शिवलेली असेल तर ते सुभेदार. एक चांदणी आणि पट्टी म्हणजे नायब सुभेदार, अशोकचिन्ह आणि पट्टी म्हणजे सुभेदार मेजर. पट्टीशिवाय नुसतं अशोकचिन्ह असेल तर मात्र खराखुरा मेजर. बाहीवर तीन फिती म्हणजे हवालदार. त्याला पोलीस चौकीत मारतो तशी 'ओ हवालदार' अशी हाक मारू नका, 'हवालदार साहेब' म्हणा. पट्टी दिसलीच नाही आणि गोंधळ उडाला तर 'साहेब' सगळ्यांना चालतं. महिला अधिकारी असतील तर 'मॅडम'. मिलिटरी नर्सिंगमधल्या असतील तरी 'सिस्टर' नको, त्याही कमिशन मिळालेल्या अधिकारी असतात.

तुम्ही किंवा घरच्या पोरांनी सॅल्यूट ठोकायची गरज नाही. नमस्कार करा, फार तर 'जय हिंद' म्हणा. आणि हे सगळं पत्रिकेपुरतं आणि माइकपुरतं. घरात तुम्ही त्यांना 'काका' म्हणा, तुमचा भाऊ 'मामा' म्हणेल. जावयानं सासऱ्याला 'सुभेदार मेजर साहेब' म्हणायला सुरुवात केली तर सासूबाईंनाच हसू येईल.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. मांडवात मानपान नात्यानं चालतो. कर्नल साहेब हुद्द्यानं मोठे असले तरी मुलीचे बाप सुभेदार मेजर आहेत, पहिला फेटा त्यांचा. फेटेवाल्यानं आधी कर्नल साहेबांकडे मोर्चा वळवला तर तेच त्याला भावाकडे पाठवतील.