दक्षिण ध्रुवावर खगोलशास्त्रज्ञ दिवसभर काय करतात?

प्रश्न असा आहे: "दक्षिण ध्रुवावर सहा महिने रात्र असते. मग तिथले खगोलशास्त्रज्ञ सहा महिने सलग आकाश बघत बसतात का? त्यांचा दिवस कसा जातो? मी चाळीसगावची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला असं काम करता येईल का?"

मी जळगावात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून तुला एकेरीतच लिहितो. ध्रुवावर मी गेलेलो नाही. पण तिथली उपकरणं हा माझा आवडीचा विषय आहे आणि तिथे हिवाळा काढलेल्यांनी लिहिलेलं मिळेल तेवढं वाचत असतो.

दुर्बिणीला डोळा लावून तिथे कुणी बसत नाही. ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट या संशोधन स्थानकाजवळची साउथ पोल टेलिस्कोप ही १० मीटर व्यासाची डिश आहे, २००७ पासून चालू. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आता मायक्रोवेव्हच्या रूपात चहूकडून येतो, तो ती टिपते. त्याला अंधार लागत नाही, कोरडी आणि स्थिर हवा लागते, कारण हवेतली वाफ हे मायक्रोवेव्ह गिळून टाकते. ध्रुवाचं पठार समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंच आहे आणि थंडी इतकी की हवेत वाफ जवळजवळ उरतच नाही. मे महिन्यात आपल्या डांबरी रस्त्यावरची हवा लहरते आणि समोरून येणारा ट्रक डुगडुगताना दिसतो ना? सूर्याने जमीन तापवली की हवेत अशी खळबळ होते. ध्रुवावर मार्चमध्ये सूर्य मावळला की थेट सप्टेंबरात उगवतो, त्यामुळे मधले महिने ही रोजची तापणी-निवणीच नसते. त्या लांब रात्रीचा खरा फायदा हा.

आता माणसांचं. हिवाळ्यात स्थानकावर चाळीस-पंचेचाळीस जण असतात. त्यात स्वयंपाकी, डॉक्टर, प्लंबर, जनरेटर सांभाळणारे असे लोकच जास्त, दुर्बिणी बघणारे मोजके. साउथ पोल टेलिस्कोपसाठी साधारण दोघे. फेब्रुवारीच्या मध्याला शेवटचं विमान गेलं की ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत आहेत तेवढ्या माणसांत आणि आहे तेवढ्या सामानात भागवायचं.

दुर्बीण स्थानकापासून सुमारे किलोमीटरभर लांब, 'डार्क सेक्टर'मध्ये आहे. रेडिओच्या गोंगाटापासून राखलेला हा भाग. तिथे पायी जायचं, उणे ६० अंशांत, वाऱ्यात, बर्फात रोवलेल्या झेंड्यांची ओळ धरून. श्वासाच्या वाफेने पापण्यांवर बर्फ धरतो. तिथे पोचल्यावर काम काय? दुर्बिणीच्या गिअरना ग्रीस लावणं. डिशवर साचलेला बर्फ काढणं. कॅमेऱ्याचे डिटेक्टर निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंशांच्या) वर एका अंशापेक्षाही कमी तापमानात ठेवावे लागतात. ते थंड करणारी हेलियमची यंत्रणा ठरावीक तासांनी पुन्हा 'भरावी' लागते, ती नीट भरली का ते बघणं. मग संगणकावर निरीक्षणाची पुढची यादी लावायची आणि आलेला डेटा तपासायचा. रात्री झोपेत अलार्म वाजला तर उठून पुन्हा तीच किलोमीटरभर वाट.

त्या हवेत दमटपणा नाहीच, त्यामुळे अंगावर स्थिर विद्युत सतत साठते. कुठल्याही सर्किटला हात लावण्याआधी अर्थिंग करायचं, नाहीतर एका ठिणगीत महागडा बोर्ड जातो. आणि हिवाळ्यात बदली बोर्ड येणार कुठून?

न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ सगळ्यातून आरपार जाणारे सूक्ष्म कण. ते पकडणाऱ्या ध्रुवावरच्या 'आईसक्यूब' या उपकरणाची तऱ्हा आणखी वेगळी. बर्फात ८६ भोकं पाडून १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर ५,१६० प्रकाश-संवेदक सोडले आहेत. हे काम डिसेंबर २०१० मध्ये पुरं झालं. न्यूट्रिनो बर्फातल्या एखाद्या अणूवर आदळला की उठणारी निळसर चमक ते पकडतात. ते संवेदक आता कायमचे बर्फात गोठलेत, वर काढता येत नाहीत. म्हणून आईसक्यूब सांभाळणाऱ्या दोघांचं काम म्हणजे वरचे सर्व्हर जिवंत ठेवणं, डिस्क बदलणं. निवडक डेटा उपग्रहाने जातो, बाकीचा उन्हाळ्यातल्या विमानाची वाट बघत पडून राहतो. आपल्या आकाशगंगेच्या मधल्या कृष्णविवराचं चित्र २०२२ मध्ये आलं, आठवतंय? त्याची निरीक्षणं एप्रिल २०१७ ची. जगभरच्या दुर्बिणींच्या डिस्क गोळा झाल्या, पण ध्रुवावरच्या साउथ पोल टेलिस्कोपच्या डिस्क आणायला हिवाळा संपेपर्यंत विमानच नव्हतं. तोवर सगळ्यांना थांबावं लागलं.

बाकी दिवस साधा. पाणी बर्फ वितळवून मिळतं आणि त्याला इंधन लागतं, म्हणून आंघोळ आठवड्यातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. झाडलोट, भांडी सगळ्यांना वाटून, त्यात शास्त्रज्ञही आले. इंटरनेट उपग्रह वर असेल तेवढेच तास.

तुला करता येईल का? येईल, पण तयारी कसली करायची ते ओळख. तिथे जाणाऱ्याला लिनक्स, पायथन, इलेक्ट्रॉनिक्स आणि पाना-स्क्रूड्रायव्हर हे सगळं चालवता यावं लागतं. वर्गात पहिला नंबर काढणाऱ्या पण सोल्डरिंगला हात न लावलेल्या मुलापेक्षा, शेतातल्या मोटरचा स्टार्टर स्वतः उघडून दुरुस्त करणारी मुलगी तिथे जास्त कामाची, असं माझं ठाम मत आहे. आपल्या भागात अशा मुली आहेत. त्यांना कुणी सांगत नाही की हे शास्त्रज्ञाचंच काम आहे.

दक्षिण ध्रुवावरचं स्थानक अमेरिकेचं आहे, तिथे या प्रयोगांतल्या विद्यापीठांमार्फत निवड होते. भारताची मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२) ही स्थानकं अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याकडच्या भागात आहेत. तिथल्या मोहिमा गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाठवतं. लडाखमधलं हान्ले (तिथे भारताची वेधशाळा आहे) ४,५०० मीटरवर आहे, तेही थंड आणि कोरडं. पण आधी नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिशपैकी तिथल्या डिश बघून ये, विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन असतं. तिथल्या इंजिनिअरांना विचार की डिशची मोटर बंद पडली तर ते काय करतात. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बंद पडलेला एखादा ऑसिलोस्कोप धूळ खात असेल, तर सरांची परवानगी घेऊन या सुट्टीत तो उघड. कुठे अडलीस तर इथेच विचार, मला जमेल तेवढं सांगेन.