कॅनडातल्या कोणत्या कलाकाराला उतारवयात खरी ओळख मिळाली? मधली वर्षं त्यांनी कशी काढली?

माझं उत्तर चित्रकार एमिली कार. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कला महाविद्यालयातून बाहेर पडलात, नोकरी-संसार सुरू झाला आणि ब्रश हातातून सुटला. म्हणून तिच्या मधल्या वर्षांबद्दलच जास्त लिहिते.

एमिलीचा जन्म 1871 चा, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिक्टोरिया गावचा. विशीच्या आतच आई-वडील दोघंही गेले. सॅन फ्रान्सिस्कोत शिकली, मग इंग्लंडला गेली आणि तिथे इतकी आजारी पडली की दीड वर्ष सॅनेटोरियममध्ये काढावं लागलं. 1910 मध्ये ती फ्रान्सला गेली आणि तिथे तिचे रंग मोकळे झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात तिची दोन चित्रं लागली. थोडक्यात, तिची तयारी पक्की होती. हौस म्हणून चित्रं काढणाऱ्यांतली ती नव्हती.

1907 मध्ये ती बहिणीबरोबर अलास्काला गेली होती. तिथे मूळनिवासींचे कोरीव टोटेम खांब पाहून तिनं मनाशी ठरवलं होतं, की हे सगळं आपण रंगवून ठेवायचं. किनाऱ्यावरची गावं तेव्हा साथीच्या रोगांनी खिळखिळी झाली होती. वर 1885 पासून सरकारनं पॉटलॅच या त्यांच्या दानाच्या सोहळ्यावर बंदी घातली होती, आणि खांब उभारण्याची प्रथा त्या सोहळ्याशीच बांधलेली होती. 1912 च्या उन्हाळ्यात एमिली स्कीना नदीकाठच्या आणि हैडा ग्वाईच्या बेटांवरच्या गावांत हिंडली. 1913 मध्ये व्हँकूव्हरला स्वतः हॉल भाड्यानं घेऊन तिनं सुमारे 200 चित्रं मांडली, लोकांना या खांबांवर व्याख्यान दिलं. प्रांतिक सरकारनं हा संग्रह विकत घ्यावा अशी तिची इच्छा होती. सरकारनं नाही म्हटलं. नोंद म्हणून ठेवायला रंग फार भडक, असं तज्ज्ञाचं मत पडलं.

इथून ती जवळजवळ पंधरा वर्षं सुरू होतात. व्हिक्टोरियात वडिलांच्या जमिनीवर तिनं घर बांधलं. भाडेकरू ठेवायचे, भाड्यावर जगायचं आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची, असा बेत होता. पण पहिलं महायुद्ध आलं, भाडी कोसळली आणि घराची खानावळ झाली. भट्टीत कोळसा टाकणं, स्वयंपाक, भाडेकरूंची भांडणं, कोंबड्या, भाजीचा वाफा, सगळं ती एकटी बघायची. विकण्यासाठी मेंढपाळ जातीचे कुत्रे पाळून तिनं शेकडो पिल्लं वाढवली. समुद्राकाठच्या कड्यांतून माती खणून आणायची, परसातल्या भट्टीत भांडी भाजायची आणि त्यांवर मूळनिवासींची नक्षी काढून पर्यटकांना विकायची. ही नक्षी अशी वापरताना आपल्याला स्वतःचाच तिटकारा यायचा, असं तिनंच पुढे लिहिलंय. तरी त्या घराच्या माळ्यावर, छताच्या आतल्या बाजूला तिनं दोन मोठे गरुड रंगवून ठेवले होते, आणि त्यांच्याखाली ती झोपायची. मला ते गरुड फार महत्त्वाचे वाटतात. विकायला नाहीत, कोणाला दाखवायला नाहीत, पण हात पूर्ण थांबलेला नव्हता.

1927 मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनाचे संचालक एरिक ब्राउन तिच्या दारात आले. मारियस बार्बो या मानववंश-अभ्यासकाकडून त्यांना तिचं नाव कळलं होतं. पश्चिम किनाऱ्याच्या कलेचं प्रदर्शन भरत होतं, त्यासाठी त्यांनी तिची जुनी चित्रं मागितली आणि तिला ओटावाला यायला रेल्वेच्या पासाची व्यवस्था केली. ती तेव्हा 55 वर्षांची होती. वाटेत टोरांटोत 'ग्रुप ऑफ सेव्हन' या कॅनडाच्या नामवंत निसर्गचित्रकारांच्या गटातले चित्रकार भेटले. त्यांतल्या लॉरेन हॅरिसनं तिला सांगितलं की तू आमच्यातलीच आहेस. पुढे बराच काळ त्यांचा पत्रव्यवहार चालला. खांब बाजूला ठेवून जंगलच रंगव, हा सल्लाही त्याचाच.

बहुतेक लेखांत ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. जिद्द तिच्याकडे 1913 मध्येही होती, आणि तेव्हा तिचं काही चाललं नाही. 1927 मध्ये दोनच गोष्टी वेगळ्या होत्या: जुनी चित्रं तिनं सांभाळून ठेवली होती, आणि ती बघायला जाणतं माणूस आलं. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, तुमची जुनी रेखाटनं रद्दीत घालू नका, आणि ज्याला चित्रातलं कळतं अशा एका तरी माणसाला ती दाखवा.

पुढचं काम थक्क करणारं आहे. 1931 चं 'बिग रेव्हन' बघाच. नंतर तिनं तेलरंगात पेट्रोल मिसळून साध्या मनिला कागदावर रंगवायला सुरुवात केली. हा कागद स्वस्त, हलका, जंगलात न्यायला सोपा, आणि रंग पाण्यासारखा धावायचा. 1935 च्या सुमाराची तिची आभाळं आणि तोडलेल्या जंगलात उरलेली एकटी झाडं याच मोकळ्या हातातून आली. 1933 मध्ये तिनं एक जुनी कॅराव्हॅन घेतली, ती रानात नेऊन उभी करायची आणि कुत्र्यांसह, 'वू' नावाच्या माकडिणीसह तिथेच राहायचं.

1937 मध्ये हृदयविकाराचा झटका आला. हिंडणं कमी झालं, तशी ती लिहायला बसली. तिचं 'क्ली विक' हे आठवणींचं पुस्तक 1941 मध्ये निघालं आणि त्याला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. 1945 मध्ये ती गेली. 2013 मध्ये तिचं एक चित्र 33 लाख कॅनेडियन डॉलरच्या वर विकलं गेलं.

एक आक्षेप मात्र तुम्हाला माहीत असावा. तिच्या चित्रांत गावं बहुधा ओस दिसतात, जणू ती माणसं संपलीच. ती संपलेली नव्हती, आजही आहेत, आणि मूळनिवासी टीकाकार हे स्पष्टपणे सांगतात. मला हा आक्षेप रास्त वाटतो. तिच्या लिखाणात मात्र ती माणसं नावागावासह भेटतात.

आणखी दोन नावं. नोव्हा स्कोशियाची मॉड लुईस: संधिवातानं वाकलेले हात, एका खोलीचं घर, दोन-तीन डॉलरला एक चित्र. देशाला ती कळली 1960 च्या दशकात. 1970 मध्ये ती गेलीच. तिचं रंगवलेलं घर आता हॅलिफॅक्सच्या कलादालनात आहे. दुसरा गायक-कवी लिओनर्ड कोहेन. 1999 मध्ये तो मुंबईत पेडर रोडजवळ अद्वैताचे गुरू रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला नेमानं जाऊन बसायचा. पुढे साठवलेले पैसे गेले आणि 2008 मध्ये, 73 व्या वर्षी, तो पुन्हा जगभर गायला निघाला. त्याला प्रसिद्धी आधीच होती, म्हणून तुमच्या प्रश्नाला मी त्याला पहिलं नाव देणार नाही.

वाचायला सुरुवात 'क्ली विक'नं करा. 1951 च्या आवृत्तीतून मिशनऱ्यांवरच्या टीकेचा भाग गाळला होता, तो 2003 च्या आवृत्तीत परत आला; तीच घ्या. मग तिच्या रोजनिश्या वाचा, 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स'. त्यांची सुरुवातच 1927 च्या त्या रेल्वेप्रवासानं होते.