चीनमधील पवित्र पर्वत नेमके कोणत्या धर्माचे मानावेत?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. ‘पाच महापर्वत ताओ धर्माचे (म्हणजे चीनमध्येच उगम पावलेल्या धर्माचे) आणि चार पर्वत बौद्ध धर्माचे’ अशी विभागणी सर्वत्र वाचायला मिळते. मग बौद्धांचा शाओलिन मठ त्या पाचांपैकी सोंगशान पर्वतावर कसा, हा पहिला भाग. आज या पर्वतांवर श्रद्धेने कोणी जाते की केवळ पर्यटकच जातात, हा दुसरा.

पहिल्या भागाचे उत्तर असे की पाच पर्वतांची यादी कोणत्याही धर्मपंथाने केलेली नाही. ती राज्यसत्तेने केली. पूर्वेला शान्तोंगमधील ताइशान, पश्चिमेला ह्वाशान, दक्षिणेला हूनानमधील हंगशान, उत्तरेला जवळपास त्याच नावाचा दुसरा हंगशान आणि मध्यभागी हनानमधील सोंगशान, अशा पाच दिशांच्या पर्वतांना सम्राटाच्या वतीने बळी आणि नैवेद्य अर्पण करणे हे राज्यकारभाराचेच एक अंग होते. उंचीशी या मानाचा फारसा संबंध नाही. सर्वांत श्रेष्ठ मानलेला ताइशान सुमारे 1,533 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा. महत्त्व होते ते दिशेला: पूर्व ही सूर्योदयाची, वसंताची आणि जन्माची दिशा, म्हणून पूर्वेचा पर्वत पहिला.

ही यादी राजदरबाराची होती याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे तिच्यातील पर्वत बदलता येत असत. हान सम्राट वूदी याने दक्षिणेचा मान सध्याच्या आन्ह्वेइ प्रांतातील तियनझू पर्वताला दिला होता. पुढे स्वी राजवटीत तो हूनानच्या हंगशानकडे गेला. उत्तरेच्या पर्वताची पूजा अनेक शतके हबेइमधील छ्यूयांग येथील मंदिरात होत असे; 1660 मध्ये छिंग दरबाराने ती शान्शीतील हुनयुआन येथे हलवली आणि तेव्हापासून तिथला हंगशान ‘उत्तरेचा पर्वत’ ठरला. एखाद्या जागी देव प्रकटला म्हणून ती पवित्र, ही आपल्या ओळखीची कल्पना इथे पुरेशी ठरत नाही.

पर्वताला हुद्दाही असे, आणि तो वाढवता किंवा काढून घेता येत असे. तांग सम्राट श्वानझोंग याने 725 मध्ये ताइशानला राजाची पदवी दिली. सोंग सम्राट झनझोंग याने 1011 मध्ये ती वाढवून सम्राटाची केली. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू याला हा प्रकार पसंत नव्हता. पर्वताचे सामर्थ्य दैवी आहे, ते माणसाने दिलेल्या पदव्यांवर अवलंबून नाही, अशा भूमिकेतून त्याने 1370 मध्ये सगळ्या पदव्या रद्द केल्या आणि देवतेला केवळ ‘पूर्व पर्वत ताइशानचा देव’ म्हणावे असे फर्मावले. त्या आदेशाचा शिलालेख ताइशानच्या पायथ्याच्या दाइ मंदिरात आहे. धर्मसुधारणा आणि प्रशासकीय आदेश यांची इतकी सहज सरमिसळ मला तरी दुसरीकडे क्वचितच आढळली आहे.

ताइशानवरचा सर्वोच्च विधी म्हणजे ‘फंग’ आणि ‘शान’: शिखरावर आकाशाला आणि पायथ्याजवळच्या टेकडीवर पृथ्वीला अर्पण. चीनचे एकीकरण केल्यावर चिन शी ह्वांग इसवी सनपूर्व 219 मध्ये तिथे गेला. वाटेत पाऊस लागला तेव्हा ज्या झाडाखाली तो थांबला, त्या झाडाला त्याने सरदारकी बहाल केली, असे इतिहासकार सीमा छ्येन सांगतो. त्याच इतिहासकाराच्या वडिलांना इसवी सनपूर्व 110 मध्ये वूदीच्या विधीला उपस्थित राहता आले नाही आणि त्या दुःखातच त्यांनी प्राण सोडला. हा विधी करण्याचे धैर्य फार थोड्या सम्राटांना झाले, कारण तो करणे म्हणजे ‘राज्य सुस्थिर झाले, आकाशाने दिलेली जबाबदारी पूर्ण झाली’ असे जाहीर करणे होते. 1008 मध्ये झनझोंगने तो केला, तेव्हा उत्तरेतील ल्याओ राज्याला वार्षिक खंडणी देण्याचा तह होऊन तीन-चार वर्षेच झाली होती. त्याच्यानंतर कोणत्याही सम्राटाने तो केला नाही. पृथ्वीच्या विधीत पुरलेले श्वानझोंग आणि झनझोंग यांचे कोरीव पाषाणलेख 1931 मध्ये जमिनीतून मिळाले, आणि आज ते तैपेइच्या राजवाडा संग्रहालयात आहेत.

मग यात ताओ धर्म आणि बौद्ध धर्म कुठे येतात? ते या आधीच पवित्र ठरलेल्या भूमीवर येऊन राहिले. सोंगशानवर हे स्पष्ट दिसते. तिथे ताओ पंथीयांचे मध्यपर्वताचे मंदिर आहे. 495 मध्ये उत्तर वेइ सम्राटाने एका भारतीय भिक्षूसाठी बांधलेला शाओलिन मठ आहे. 523 च्या सुमारास उभारलेला, चीनमध्ये आज उभ्या असलेल्यांपैकी सर्वांत जुना विटांचा स्तूप आहे. आणि कन्फ्यूशियस परंपरेचे सोंगयांग विद्यापीठही आहे. बौद्ध धर्माची मोठी आश्रयदाती असलेल्या सम्राज्ञी वू झतियनने 696 मध्ये फंग विधी ताइशानऐवजी याच पर्वतावर केला, आणि 700 मध्ये आपल्या पापांची क्षमा मागणारा सोन्याचा पत्रा ताओ पद्धतीने तिथे अर्पण केला. तो 1982 मध्ये एका शेतकऱ्याला सापडला. तिला कोणत्या धर्माची म्हणावे, हा प्रश्न बहुधा तिला स्वतःला पडला नसता.

चार बौद्ध पर्वतांची गोष्ट मात्र वेगळी आहे. बुद्धाच्या जन्माची आणि निर्वाणाची स्थळे हजारो मैल दूर भारतीय उपखंडात होती, त्यामुळे चिनी बौद्धांना आपण धर्माच्या कडेला, परिघावर आहोत अशी खंत होती. त्यावरचा तोडगा म्हणजे बोधिसत्त्वच (इतरांच्या उद्धारासाठी झटणारे, बुद्धत्वाच्या वाटेवरचे महापुरुष) चीनमध्ये राहायला आले: मंजुश्री शान्शीतील वूताइशानवर, समंतभद्र सिच्वानमधील अमेइशानवर, अवलोकितेश्वर झज्यांगच्या किनाऱ्यालगतच्या पूतुओशान बेटावर आणि क्षितिगर्भ आन्ह्वेइतील ज्यूह्वाशानवर. परिणामी प्रवासाची दिशाच काही अंशी उलटली. बुद्धपालित नावाचा भारतीय भिक्षू मंजुश्रीच्या दर्शनासाठी सातव्या शतकात वूताइशानला आला, अशी परंपरा सांगते. पुढे तिबेटी आणि मंगोल यात्रेकरूंसाठीही तो पर्वत मोठे तीर्थ झाला.

पूतुओशानच्या बाबतीत महाराष्ट्राशी खरा धागा सापडतो. कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात आणि औरंगाबादच्या 7 क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर आठ संकटांतून भक्तांना सोडवताना कोरलेला आहे, आणि त्या संकटांत जहाज फुटण्याचे संकटही आहे. समुद्रावरच्या व्यापाऱ्यांचा हाच त्राता चीनमध्ये क्वानयिन झाला, कालांतराने त्याला स्त्रीरूप मिळाले, आणि जहाजांच्या मार्गावरचे एक बेट त्याचे निवासस्थान ठरले. वूताइशानहून क्वानयिनची मूर्ती घेऊन निघालेल्या जपानी भिक्षूचे जहाज नवव्या शतकात इथे अडले; मूर्तीला चीन सोडायचा नाही असे मानून तिची तिथेच स्थापना झाली, ही त्या बेटाची स्थळकथा आहे. ‘न जाणाऱ्या क्वानयिनचे’ मंदिर आजही आहे.

सम्राट आणि भिक्षू यांच्याबद्दल लिहिले जाते तितके सामान्य यात्रेकरूंबद्दल लिहिले जात नाही, हे खटकते. मिंग काळापासून ताइशानची लोकप्रिय देवता पूर्वेचा देव नसून बिश्या युआनच्युन ही देवी होती. मूल व्हावे म्हणून नवस करणाऱ्या स्त्रिया तिच्याकडे येत, आणि त्यांची संख्या इतकी मोठी होती की शासन त्यांच्याकडून धूप-कर वसूल करत असे. देवीला कोणत्याही प्राचीन ग्रंथाचा आधार नाही म्हणून विद्वान अधिकारी नाके मुरडत, पण कराची रक्कम स्वीकारत.

आता दुसरा भाग. विसाव्या शतकात, विशेषतः माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (1966-76), या पर्वतांवरील अनेक मंदिरे आणि मूर्ती उद्ध्वस्त झाल्या, मठ ओस पडले. 1980 नंतर जीर्णोद्धार झाला, पण तो पर्यटनाच्या सोबतीने: ताइशानला 1983 मध्ये रज्जुमार्ग झाला, प्रवेशाला तिकीट लागते, आणि गर्दीतले पुष्कळ लोक फक्त सूर्योदयासाठी येतात. तरीही ‘श्रद्धा संपली, व्यापार उरला’ असा निष्कर्ष घाईचा आहे, कारण धूप-कराचा इतिहास पाहिला तर पैसा आणि भक्ती तिथे पूर्वीही एकत्रच नांदत होत्या. चिनी पंचांगाच्या दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यातील एकोणिसावी तिथी हे क्वानयिनचे उत्सवाचे दिवस आहेत. त्या वेळी पूतुओशानवर दर तीन पावलांना साष्टांग नमस्कार घालत डोंगर चढणारे शेकडो लोक असतात. तुम्हाला जायचे असेल आणि श्रद्धा पाहायची असेल, तर यापैकी एखादी तिथी निवडा. निवांत वास्तुदर्शन हवे असेल, तर हेच दिवस टाळा.