पुढच्या वर्षाची यादी आणि अडकलेला अर्ज

राम राम भाऊ,

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. तुम्ही शिरपूरचे. पुढच्या वर्षात फोटो काढायचे म्हणून पक्ष्यांच्या 200 जाती, रानपिंगळा (जंगलातलं छोटं घुबड), उडता पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेला हंस) आणि जमलं तर वाघ अशी यादी केली आहे. अभयारण्यात फोटो काढायच्या परवानगीचा अर्ज दिलाय, पण त्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. शिवाय हप्त्यावर 150-600 ची लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी का, हेही विचारलंय. शटर, आयएसओ, फोकस यावर मी काही लिहीत नाही. तुम्ही टाकलेला कवड्या खंड्याचा फोटो पाहिला, तुमचा हात बसलेला आहे.

मला बोलायचंय ते अर्जाबद्दल, कारण माझं एक अख्खं वर्ष त्यातच गेलं. त्या वर्षी माझ्याही यादीत सगळ्यात वर रानपिंगळाच होता. सातपुड्यातला साग फेब्रुवारीनंतर उघडा पडतो, तेव्हा हा पक्षी दिसायला सोपा जातो. म्हणून पावसाळा संपताच अर्ज दिला. मग सुरू झालं: साहेब मीटिंगला गेलेत. हमीपत्र जोडा. हे हमीपत्र चालणार नाही, स्टँप पेपरवर आणा. वरून मार्गदर्शन मागवलंय. साहेबांची बदली झाली, नवीन साहेब फाइल बघतील. प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा टाकायची, जायचं आणि बाकावर बसून परत यायचं. साग उघडा पडला, पुन्हा पालवला, तरी उत्तर नाही. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते आलं. सोबत माझ्या परवानगीच्या पत्राची प्रत होती! साहेबांनी सही कधीच केली होती. पत्र जावक रजिस्टरला चढलंच नव्हतं, टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून होतं. आणि माझ्या हातात आलं तेव्हा त्यावरची मुदत संपलेली होती. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, आता तिथे दुसरी माणसं असतील. पण राग अजून गेलेला नाही. वनरक्षक आणि वनमजूर मात्र त्या सगळ्या काळात माझ्याशी नीट वागले, हेही लिहून ठेवतो.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो: ज्या कामाला दुसऱ्याची सही लागते, ते वर्षाच्या यादीत वर ठेवू नका. अर्ज चालू राहू द्या, पण तुमचं वर्ष त्याच्यावर टांगून ठेवू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली आहे का? नसेल तर उद्याच जाऊन आवक क्रमांक मागा. पुढच्या खेपेला "काय झालं?" असं विचारायचं नाही, "जावक क्रमांक काय?" असं विचारायचं. या दोन प्रश्नांच्या उत्तरांत फार फरक पडतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 28 मध्ये अभयारण्यात प्रवेश द्यायच्या कारणांत छायाचित्रण धरलेलं आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. मी वकील नाही, कायद्यात दुरुस्त्या होत असतात, फी आणि अटी कार्यालयातूनच लेखी घ्या.

आता 200 च्या आकड्याबद्दल. माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. आकडा धरला की माणूस या तलावावरून त्या तलावावर गाडी पळवतो आणि हाती लागतात ते पुरावा म्हणून चालतील असे फोटो. थापट्या बदक ओळखू येतं, एवढंच. त्यापेक्षा परवानगी न लागणारी एकच जागा घ्या, तापीचा काठ किंवा गावचा तलाव, आणि बाराही महिने तिथेच जा. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर मी तेच करतो. हिवाळ्यात चक्रवाक असतात, पाणी ओसरून चिखल उघडा पडला की तुतवार आणि शेकाटे येतात, मग उन्हाळ्यात नदीसुरयांची गडबड. काठावर पोटावर पडून, पाण्याच्या पातळीवरून कॅमेरा धरला तर रोजच्या शेकाट्याचाही फोटो असा येतो की लोक जागा विचारतात. पंपावर आलेला शेतकरी "काय करी राहिना भाऊ?" म्हणून विचारेल. दोन शब्द बोला, स्क्रीनवर फोटो दाखवा. नंतर तोच तुम्हाला सांगेल की पाणकावळे सकाळी कुठल्या फांदीवर बसतात.

दुसरं ध्येय सुचवतो, ते खास आपल्या खानदेशच्या उन्हाचं आहे: टिटवी. पारा 44 च्या वर गेला की उघड्या माळावरची अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. भिजल्या पोटाने पाण्यातून निघालेली टिटवी हा एक फोटो नीट मिळाला तरी मे महिना सार्थकी लागला म्हणा. पण तो पाण्याच्या बाजूने, गाडीतून किंवा झुडपाआडून लांबून काढायचा. घरट्याकडे जायचं नाही. तुम्ही जवळ गेलात की ती उठते, तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजतात आणि तुमच्या मागे कावळे, कुत्री जागा बघून ठेवतात. नदीपात्रातल्या वाळूवर घरटी करणाऱ्या सुरयांचंही हेच. त्या दिवसांत वाळूत पाय घालू नका.

उन्हावरून एक आठवलं. फेब्रुवारीनंतर नऊ वाजले की जमिनीलगत झळा सुटतात आणि लांबचा फोटो कितीही नीट फोकस केला तरी विरघळल्यासारखा येतो. बरेच जण लेन्स बिघडली समजून ती दुरुस्तीला पाठवतात. लेन्स ठीक असते, जवळून फोटो काढून बघा. पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत परत या.

रानपिंगळ्याची ओढ मला समजते. 1884 नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, तो पक्षी नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो शोधला. मधल्या काळातला एक नमुना, म्हणजे संग्रहासाठी जपलेला मेलेला पक्षी, कर्नल मायनर्ट्झहॅगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेत मिळवल्याचं सांगितलं होतं. तो चोरलेला जुना नमुना निघाला, त्यावरची चिठ्ठी खोटी. त्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली होती. म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी प्रत्येक फोटोची खरी तारीख, जागा आणि वेळ स्वतःच्या वहीत लिहायची सवय लावा. सगळ्यांसमोर टाकताना मात्र रानपिंगळ्याची किंवा कुठल्याही घरट्याची जागा सांगू नका, फोटोच्या फाइलमधलं लोकेशनही काढून टाका. अभ्यासकांनी विचारलं तर त्यांना जरूर द्या.

परवानगी येईपर्यंत गावातल्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे फोटो काढून हात बसवा. वडाच्या ढोलीतलं एक कुटुंब निवडा आणि वर्षभर त्यांच्याकडे लक्ष ठेवा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं असतं, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. गावातला पिंगळा डोळ्यांत बसला असेल तर जंगलात ओळख पटायला क्षणही लागणार नाही. आणि मोबाइलवर आवाज वाजवून रानपिंगळा बोलवायचा नाही, गाइड म्हणाला तरी नाही. आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं समजून तो भांडायला येतो, आणि विणीच्या दिवसांत त्याचा तो वेळ पिल्लांच्या वाट्याचा असतो. असा काढलेला फोटो मी लाइक करत नाही, लोकांना राग येतो, येऊ द्या.

वाघाचं म्हणाल तर मुक्ताईनगरकडच्या जंगलात त्याचा वावर आहे, पण त्याच्या मागे शेतशिवारातून फिरू नका. त्याने वाघालाही त्रास आणि रात्री पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्यांनाही.

लेन्सबद्दल. हप्ता सुरू झाला की दर रविवारी पैसे वसूल करायची घाई लागते, आणि या कामात घाई चालत नाही. नाशिक-पुण्याकडून आठवडाभर भाड्याने मिळते का बघा. ऐन हिवाळ्यात घ्या आणि तुमच्याच काठावर वापरा. हातात धरून दोन तास पेलवते का, हे तेव्हाच कळेल. पेलवली तर जुनी घेतलेलीही चालेल, फक्त आतल्या काचेवर टॉर्च मारून बुरशी तपासा, पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. पोच मिळाली की इथे कळवा, माहिती अधिकाराच्या अर्जात काय विचारायचं त्याचा मसुदा मी लिहून देतो.