हाउस संगीतातली ‘जोडी’ आणि तिची ‘गाजलेली गाणी’

एक वाचक बेसमेंट जॅक्स या लंडनच्या बँडवर मराठीत लेख लिहीत आहेत. पहिल्याच वाक्यात ‘ब्रिटिश हाउस म्युझिक ड्युओ’ आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हे शब्द आले आणि त्यांची लेखणी अडली. कोणी त्यांना ‘गृहसंगीत युगुल’ सुचवले, कोणी ‘सर्वोत्कृष्ट गीतसंग्रह’. यातले काय घ्यावे, आणि ‘करिअर’ला ‘कारकीर्द’ म्हटले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही सुचवण्या घेऊ नयेत असे मला वाटते. शब्द शुद्ध मराठी आहेत की नाहीत हा मुद्दा नाही. ते वाचून वाचकाच्या मनात जे उभे राहते ते चुकीचे आहे.

आधी ‘हाउस’. या संगीताचा घराशी संबंध नाही. शिकागोमध्ये १९७७ साली ‘द वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण नाचायला जमत. फ्रँकी नकल्स हा तिथला डीजे, १९८२ पर्यंत. डिस्कोच्या तबकड्या तो जोडायचा, लांबवायचा, त्यांच्यावर स्वतःचा ठेका चढवायचा. लोक रेकॉर्डच्या दुकानात जाऊन ‘वेअरहाउसमध्ये वाजते ते’ मागू लागले आणि बोलता बोलता ‘वेअर’ गळून ‘हाउस’ उरले, अशी या नावाची सर्वांत प्रचलित हकीकत आहे. म्हणजे भाषांतर करायचेच ठरवले तर मूळ अर्थ गोदाम किंवा वखार. ‘गृह’ कुठेच बसत नाही. ‘गृहसंगीत’ वाचून डोळ्यांपुढे येते ती दिवाणखान्यातली बैठक. ‘घराणा’ तर अजिबात नको, त्या शब्दाला आपल्या संगीतात इतका नेमका अर्थ आहे की वाचक थेट किराणा-ग्वाल्हेरकडे वळेल. ‘जॅझ’, ‘रॉक’, ‘पॉप’ आपण जसेच्या तसे घेतले, तसेच ‘हाउस’ घ्यावे आणि पुढे ‘संगीत’ जोडावे: हाउस संगीत. पहिल्या उल्लेखात अर्ध्या ओळीत ओळख करून द्यावी. चार मात्रांच्या प्रत्येक मात्रेवर ढोलाचा ठोका, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, नाचण्यासाठी यंत्रांवर घडवलेले संगीत, एवढे पुरते. ‘ठेका’ हा शब्द इथे हक्काने वापरावा. तबल्याच्या शास्त्रात ठेक्याला बोलांची ठरलेली बांधणी असा अर्थ आहे, पण ‘पायाने ठेका धरला’ असे आपण रोज म्हणतो आणि हाउसची सगळी मदार त्या धरण्यावरच आहे.

आता ‘ड्युओ’. मराठीत दोघांसाठी शब्दांची चंगळ आहे आणि प्रत्येकाला स्वतःचा वास आहे. ‘युगुल’ म्हटले की प्रेमी युगुल. फेलिक्स बक्स्टन आणि सायमन रॅटक्लिफ ही बेसमेंट जॅक्समधली दोघे एकत्र काम करणारे संगीतकार आहेत, तेव्हा युगुल नको. ‘युगल’ घेतले तर ‘युगलगीत’ आठवते आणि दोघे मिळून गातात असा समज होतो. ‘दुक्कल’ वर्तमानपत्रांनी चोरांना देऊन टाकली आहे: ‘दुचाकी पळवणारी दुक्कल गजाआड’. ‘जोडगोळी’ मला आवडते, त्यात दोस्ती आहे, थोडा खट्याळपणा आहे. लेखाच्या मध्यावर कुठे तरी ती शोभेल, ओळखीच्या वाक्यात मात्र हलकी पडते. ‘द्वय’ हा नामाला मागून चिकटणारा शब्द आहे. ‘बंधुद्वय’ म्हणतो, ‘संगीतकारद्वय’ही चालते. चूक नाही, पण संगीतात रमलेल्या माणसाच्या तोंडी तो येत नाही. त्याच्या तोंडी येते ती ‘जोडी’.

‘जोडी’च्या बाजूने कौल देण्यामागे तो साधा शब्द आहे यापेक्षा मोठे कारण आहे. हाउस संगीतातले दोघेजण नेमके काय करतात हे मराठी वाचकाला समजावण्याची सोय त्या शब्दात आयती झालेली आहे. शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल आणि आपले अजय-अतुल यांचा उल्लेख आपण ‘संगीतकार जोडी’ असाच करतो. जोडी गाणे घडवते आणि ते बहुतेक वेळा दुसराच कोणी गातो. गाण्यागणिक गळा बदलतो, जोडीचे नाव तेच राहते. बेसमेंट जॅक्सचेही तसेच आहे. त्यांचे ‘रोमिओ’ केली ले रॉक हिने गायले आहे, ‘गुड लक’ लिसा केकॉला हिने, ‘ओ माय गॉश’ व्हूला मलिंगा हिने. ‘लकी स्टार’मध्ये लंडनचा रॅपर डिझी रॅस्कल आहे, ‘सिश कॅश’मध्ये पंक रॉकच्या जमान्यातली गायिका सूझी सू. म्हणून ‘गायक जोडी’ लिहिले तर सरळ चूक होईल. ‘बँड’ हा शब्द चालतो, पण तो वाचून गिटार, ड्रम आणि पुढे उभा गायक असे चित्र तयार होते. ‘हाउस संगीतकार जोडी’ म्हटले की लक्ष्मीकांत-प्यारेलाल ऐकत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

जोडीचे नाव माणसांपेक्षा मोठे होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. जयकिशन १९७१ साली गेले, त्यानंतरही शंकर यांनी ‘शंकर-जयकिशन’ याच नावाने संगीत दिले. विजय पाटील यांनी जोडीदाराच्या निधनानंतर ‘राम-लक्ष्मण’ हे नाव एकट्याने चालवले. बेसमेंट जॅक्स या नावात तर दोघांपैकी कोणाचेच नाव नाही. म्हणून एक सूचना: मध्ये जोडरेघ देऊ नका. ‘बेसमेंट-जॅक्स’ असे छापले तर एक बेसमेंट आणि एक जॅक्स अशी दोन माणसे आहेत असे वाटेल. आणि ‘तळघर’ वगैरे काही करू नका, ते विशेषनाम आहे.

याच ओघात ‘प्रोड्यूसर’चा गुंता सोडवून टाकू, कारण लेखात तो येणारच. आपल्याकडे ‘निर्माता’ म्हणजे पैसा उभा करणारा. हाउसमधला प्रोड्यूसर ठेका रचतो, आवाज निवडतो, तुकडे जुळवतो, गायिकेकडून हवे तसे गाऊन घेतो आणि शेवटी सगळे एका पट्टीत बसवतो. आपल्या श्रेयनामावलीत हे काम संगीतकार आणि संगीत संयोजक यांच्यात वाटलेले असते. म्हणून ‘निर्माते’ न लिहिता ‘संगीतकार’ लिहावे आणि एखाद्या वाक्यात ‘संयोजनही त्यांचेच’ असे म्हणावे. गाण्याच्या नावापुढे इंग्रजीत ‘फीचरिंग’ येते, त्याला तर आकाशवाणीने आपल्याला फार सुंदर पद्धत देऊन ठेवली आहे: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक. ‘गुड लक’: संगीत बेसमेंट जॅक्स, स्वर लिसा केकॉला. यात कोणाचे काय काम हे एका नजरेत कळते.

एक गाणे जवळून पाहू, कारण त्यात क्रियापदाचा पेच आहे. ‘व्हेअर्स युअर हेड ॲट’ हे २००१ चे गाणे. सुरुवातीपासून एक जाड, खरखरीत सिंथेसायझरची ओळ खालून घुमत राहते आणि तिच्यावर गाण्याच्या नावाचा तोच प्रश्न ओरडून ओरडून विचारला जातो. ती ओळ बक्स्टन-रॅटक्लिफ यांनी रचलेली नाही. गॅरी न्यूमन या ब्रिटिश गायकाच्या ‘एम. ई.’ या १९७९ च्या गाण्यातून ती घेतली आहे, त्याच्याच ‘धिस रेकेज’चाही अंश त्यात आहे आणि गीतकारांच्या यादीत न्यूमनचे नाव रीतसर आहे. आता हे मराठीत कसे सांगाल? ‘चाल उचलली’ म्हटले की आपल्याकडे तो आरोप होतो. ‘नमुना घेतला’ म्हटले की रक्ततपासणी आठवते. ‘न्यूमनच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा वापरून हे गाणे बांधले आहे’ असे मी लिहीन. ‘ध्वनिमुद्रणातला’ हा शब्द गाळू नये. चाल घेणे वेगळे आणि मुद्रित झालेला आवाजच कापून नव्या गाण्यात बसवणे वेगळे. हाउसमध्ये हे दुसरे घडते.

आता ‘ग्रेटेस्ट हिट्स’. इथे ‘सर्वोत्कृष्ट’ का नको ते सांगतो. ‘सर्वोत्कृष्ट’ हा गुणवत्तेचा निवाडा आहे. हिट होणे हा लोकांनी दिलेला प्रतिसाद आहे, तो विक्रीच्या आकड्यांत मोजता येतो. ब्रिटनमध्ये दर आठवड्याला क्रमवारी लागते आणि गाणे कितव्या स्थानावर पोहोचले याची नोंद कायम राहते. बेसमेंट जॅक्सचे ‘रेड अलर्ट’ १९९९ मध्ये पाचव्या स्थानावर गेले, त्याच वर्षी ‘रॉन्देव्हू’ चौथ्यावर, २००१ मध्ये ‘रोमिओ’ सहाव्यावर. यापैकी सर्वोत्कृष्ट कोणते हे आकडे सांगत नाहीत. मला विचाराल तर ‘रॉन्देव्हू’. त्यातली स्पॅनिश वळणाची गिटार आणि यंत्रातून गाळून आलेला माणसाचा आवाज या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे ते गाणे ऐकेपर्यंत खरे वाटत नाही. पण तो माझा निवाडा झाला, गाजण्याशी त्याचा संबंध नाही.

‘गाजणे’ हे क्रियापद इथे चपखल आहे. ते ‘गर्ज्’वरून आलेले, म्हणजे मुळात दुमदुमणे, घुमणे. ‘गाजावाजा’त तोच आवाज आहे. माणूस गाजतो, नाटक गाजते, निवडणूक गाजते, आणि चांगले-वाईट याबद्दल ते क्रियापद काहीच बोलत नाही. लोकांमध्ये आवाज झाला, एवढेच सांगते. ‘हिट’चा अर्थ इतका जसाच्या तसा उतरवणारा दुसरा शब्द मला दिसत नाही. ‘निवडक’ही सुचवला जाईल, पण ‘निवडक’ म्हटले की निवडणारा संपादक आला, त्याची आवड आली. ‘लोकप्रिय’ चालेल, थोडा मऊ आहे. बोलीत ‘हिट गाणी’ सर्रास म्हणतात आणि लेखातही ते खटकणार नाही.

तरीही तुमच्या लेखात एक सावधगिरी हवी. बेसमेंट जॅक्सच्या गाण्यांचा जो संग्रह २००५ मध्ये आला त्याचे नाव ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नाही, ‘द सिंगल्स’ आहे. सिंगल म्हणजे अल्बमपासून वेगळे, स्वतंत्रपणे बाजारात आणलेले गाणे. गाजले की नाही हा पुढचा प्रश्न. आणि या संग्रहात ‘ओ माय गॉश’ आणि ‘यू डोन्ट नो मी’ ही दोन नवी गाणीही होती. संग्रहासोबतच जी आली त्यांना ‘गाजलेली’ कसे म्हणणार? ‘ओ माय गॉश’ आठव्या स्थानापर्यंत पोहोचले, म्हणजे गाजले खरे, पण संग्रहाच्याच सुमारास. म्हणून ‘तोवरच्या गाजलेल्या गाण्यांना दोन नव्या गाण्यांची जोड देणारा संग्रह’ असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून होईल. आणखी एक गोष्ट लेखात यायलाच हवी: त्यांचे एकही गाणे ब्रिटिश क्रमवारीत पहिले आले नाही, हा संग्रह मात्र अल्बमच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेला. सुटी सुटी गाजलेली गाणी एकत्र आल्यावर लोकांना त्या कामाचा आवाका कळला, असे मी समजतो.

‘सिंगल’ला ‘एकल’ म्हणू नका, एकल म्हणजे एकट्याने केलेले: एकल वादन, एकल गायन. ‘सिंगल’च राहू द्या. लिंग? ‘गाणे’ मनात धरून बहुतेकजण ‘नवे सिंगल आले’ म्हणतात, ते ठीक आहे. ‘अल्बम’ मात्र पुल्लिंगी पक्का झाला आहे.

‘कारकीर्द’ जरूर वापरा. इतिहासाच्या पुस्तकांत तो शब्द राजाच्या किंवा अधिकाऱ्याच्या सत्ताकाळासाठी येतो, पुढे कलावंत, खेळाडू यांच्या कामाच्या काळालाही लागला. ‘करिअर’शी त्याचा एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. करिअर पुढे बघून ‘करायचे’ असते, कारकीर्द मागे वळून पाहिल्यावर दिसते. मुलीला आपण ‘कारकीर्द कर’ असे सांगत नाही. या जोडीचे मागे वळून पाहण्यासारखे बरेच आहे. १९९४ मध्ये दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात सुरुवात, ‘अटलांटिक जॅक्स’ हे स्वतःचे लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी), तिथल्याच क्लबमधल्या रात्री. मग १९९९ मध्ये ‘रेमेडी’, २००१ मध्ये ‘रूटी’ (हेच नाव त्यांच्या ब्रिक्स्टनमधल्या क्लबच्या रात्रीचेही), २००३ मध्ये ‘किश कॅश’. यातल्या शेवटच्या अल्बमला २००५ मध्ये सर्वोत्कृष्ट इलेक्ट्रॉनिक-डान्स अल्बमचे ग्रॅमी मिळाले आणि त्या विभागातला तो पहिलाच पुरस्कार. (इथे ‘सर्वोत्कृष्ट’ योग्य, कारण संगीतक्षेत्रातल्या मतदारांनी निवाडा केला आहे.) त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोग आजारपणामुळे येऊ शकली नाही, तेव्हा रविवारी रात्री मुख्य मंचावर तिच्या जागी हे दोघे उभे राहिले. मराठी वाचकाला ‘रोमिओ’च्या व्हिडिओबद्दल अवश्य सांगा, तो हिंदी चित्रपटाच्या ढंगात केलेला आहे. ‘क्रेझी इच रेडिओ’, ‘स्कार्स’ हे अल्बम नंतरचे. तेव्हा ‘द सिंगल्स’ला ‘कारकिर्दीचा समारोप’ म्हणता येणार नाही, ‘पहिल्या टप्प्याचा आढावा’ म्हणा. सामान्यरूपात ‘कीर्द’मधली दीर्घ ‘की’ ऱ्हस्व होते आणि ‘कारकिर्दीत’ असे लिहितात, हेही ध्यानात असू द्या.

शेवटी प्रत्ययाचा प्रश्न, तो तुम्ही विचारला नाही पण पहिल्या वाक्यात आडवा येईल. ‘बेसमेंट जॅक्सने’ की ‘बेसमेंट जॅक्सनी’? ‘लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी’ म्हणतो कारण ती दोन व्यक्तींची नावे आहेत. ‘बेसमेंट जॅक्स’ हे गटाचे एक नाव, म्हणून एकवचन: ‘बेसमेंट जॅक्सने’. पुढच्या वाक्यात माणसांबद्दल बोलताना मात्र ‘त्यांनी’, ‘दोघांनी’. तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘लंडनच्या ब्रिक्स्टन भागातून पुढे आलेल्या बेसमेंट जॅक्स या हाउस संगीतकार जोडीने २००५ मध्ये आपली तोवरची गाजलेली गाणी आणि दोन नवी गाणी “द सिंगल्स” या संग्रहात एकत्र आणली.’ ‘ब्रिटिश’ मुद्दाम गाळले आहे. लंडन आले की ते आलेच.