घडाघडा वाचणारी मुलं आकलनात मागे का पडली? आधी प्रश्नपत्रिका तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिसरीचा वर्ग, मधमाश्यांवर तुम्हीच लिहिलेला साधारण दीडशे शब्दांचा उतारा, खाली दहा प्रश्न. प्रकट वाचनात वर्गात पुढे असलेल्या दोन मुली चार-पाच गुणांवर थांबल्या आणि अक्षर अक्षर जुळवत वाचणारा एक मुलगा आठ गुण घेऊन गेला. मुलांचं काही चुकतंय की चाचणीचं, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर आधी चाचणीच उलटून पालटून बघा. मी स्वतः कितीतरी वर्षं असेच प्रश्न काढले आहेत, त्यामुळे हे थोडं अनुभवाने आलेलं शहाणपण समजा.

आधी हे वाक्य वाचा: ‘पिंगट चमोळ्याने सळखुरावर तीन भुंगरे हलकेच लिंबाळले.’

आता उत्तरं द्या. भुंगरे कोणी लिंबाळले? पिंगट चमोळ्याने. किती लिंबाळले? तीन. कशावर? सळखुरावर. कसे? हलकेच. चारपैकी चार गुण! आणि वाक्याला काडीचाही अर्थ नाही, मी ते आत्ता इथे बसून रचलंय. मराठीतले ‘-ने’, ‘-वर’, ‘-ला’ इतके बोलके असतात, की प्रश्नातल्या शब्दाशी जुळणारं वाक्य शोधायचं आणि ‘कोणी’च्या जागी ‘-ने’वाला शब्द उचलून ठेवायचा, एवढं जमलं की झालं. मुलं हे दुसरीतच शिकतात, आपणच शिकवतो त्यांना. तुमच्या दहापैकी सहा प्रश्न याच जातीचे आहेत.

असे प्रश्न अजिबात नकोत असं नाही. मजकुरात नेमकी माहिती शोधता येणं हेही वाचनाचंच काम आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. चौथीच्या मुलांसाठी ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी 2001पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्या आराखड्यात थेट सापडणाऱ्या माहितीला 20 टक्के वाटा आहे. सोप्या अनुमानाला 30, अर्थ लावून धागे जोडण्याला 30, आणि मजकुराबद्दल मत बनवण्याला उरलेले 20. आपण तिसरीत तंतोतंत हेच गणित लावायला नको, पण दहातले सहा शोधाशोधीचे आणि दोन शब्दार्थाचे म्हटल्यावर अनुमानाला जागा उरतेच किती?

आता त्या आठ गुणवाल्या मुलाकडे येऊ. ‘मधमाशी फुलांतून काय गोळा करते?’ या प्रश्नाला उतारा लागतो का? मधमाश्यांबद्दल ऐकलेलं मूल उताऱ्याकडे न बघता उत्तर देईल. ही चूक मोठमोठ्या चाचण्यांतही सापडलेली आहे. कीनन आणि बेट्जमन या संशोधकांनी 2006मध्ये एका प्रसिद्ध इंग्रजी वाचन चाचणीतले प्रश्न लोकांना उताऱ्याशिवायच दिले होते. बऱ्याच प्रश्नांची उत्तरं लोकांनी नुसत्या अंदाजाने आली असती त्यापेक्षा कितीतरी चांगली दिली. तुम्हीही करून बघा: शेजारच्या तुकडीतल्या सात-आठ मुलांना उतारा न देता फक्त प्रश्न द्या. ज्यांची उत्तरं बरोबर येतील ते प्रश्न सरळ काढून टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी हे करायला लागले तेव्हा माझ्या एका आवडत्या उताऱ्याचे निम्मे प्रश्न गळाले होते, वाईट वाटलं.

पूर्वज्ञानाचा परिणाम याहून खोल जातो. 1988मध्ये रेख्त आणि लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची ठरलेली पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. म्हणून एका उताऱ्यावर कुणाबद्दल मत बनवू नका. निदान तीन उतारे घ्या, वेगवेगळ्या विषयांचे, त्यात एक गोष्ट असू दे.

तरीही घडाघडा वाचणाऱ्या मुली का अडल्या, हे उरतंच. गफ आणि टन्मर यांनी 1986मध्ये मांडलेली एक सोपी कल्पना इथे फार कामाची आहे: वाचून कळणं म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य तर उत्तर शून्य. मग तपासणीही दोन बाजूंनी करावी लागते. तेवढ्याच ताकदीचा दुसरा उतारा तुम्ही मुलाला वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. ऐकून कळतंय पण वाचून कळत नाही, तर अडचण लिपीची आहे. जोडाक्षरांवर सगळी शक्ती खर्च होते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने तर फारच. ऐकूनही कळत नसेल, तर अजून प्रकट वाचन करून घेण्यात अर्थ नाही. शब्दसाठा, लांब वाक्यं, अनुमान यांवर काम हवं. तुमच्या त्या दोन मुली बहुधा याच गटातल्या निघतील, आणि तो मुलगा पहिल्या. पण बहुधाच. वाचून दाखवल्याशिवाय ठरवू नका. शंभर शब्दांत दहाहून जास्त ठिकाणी मूल चुकत असेल तर तो उतारा त्याच्या आकलन चाचणीसाठी वापरूच नये, असा जुना ठोकताळा आहे आणि मी तो पाळते.

अनुमानाचे प्रश्न कसे काढायचे, याचं एक उदाहरण देते. माझ्या एका गोष्टीत हे वाक्य होतं: ‘आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं, हातातली छत्री परत कोपऱ्यात ठेवली आणि ते फिरायला निघाले.’ प्रश्न: बाहेर काय स्थिती होती? वाचनाचं बक्षीस मिळवलेली एक मुलगी पटकन म्हणाली, “पाऊस पडत होता.” कशावरून? “छत्री आहे ना.” मी चूक-बरोबर काहीच म्हटलं नाही, नुसतं विचारलं, “छत्रीचं त्यांनी काय केलं?” तिने वाक्यावर बोट फिरवलं, ‘परत’ या शब्दावर थांबली. मग म्हणाली, “ठेवून दिली… म्हणजे नव्हता पाऊस!” लेखी पेपरात तिला शून्य मिळालं असतं आणि मला एवढंच कळलं असतं की हिला येत नाही. खरं तर तिला अनुमान करता येत होतं. ती एक ओळखीचा शब्द पकडून बाकीचं वाक्य सोडून देत होती. दुसरा एक मुलगा दोनदा विचारूनही “छत्री म्हणजे पाऊस” यावरच अडून राहिला. लेखी पेपरात दोघांचं उत्तर एकच दिसलं असतं, पण दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी. ‘कशावरून?’ हा प्रश्न प्रत्येक अनुमानाच्या प्रश्नाला जोडा आणि त्याला वेगळा गुण द्या.

(त्याच प्रश्नाला एकाने ‘पाऊस नुकताच थांबला होता’ असं लिहिलं. माझ्या उत्तरसूचीत ‘ऊन होतं’ एवढंच होतं. सूची बदलली.)

सर्वनामाचा प्रश्न घालणार असाल तर एक मराठी खाचखळगा सांभाळा. ‘मीराने समीरला छत्री दिली कारण तो भिजत होता.’ कोण भिजत होतं? ‘तो’ आणि ‘होता’ यांनी उत्तर फोडलं. तेच ‘मीराने रेवाला छत्री दिली कारण ती भिजत होती’ असं करा, आता मुलाला प्रसंग डोळ्यांसमोर आणावाच लागेल. इंग्रजीवरून घेतलेल्या चाचण्यांत हे भान नसतं. रिकाम्या जागांचंही तसंच: ‘तिने ___ उघडली’ म्हटलं की दरवाजा व्याकरणानेच बाद होतो, अर्थाचा संबंधच येत नाही. पर्याय द्यायचे तर सगळे एकाच लिंगाचे द्या, आणि जागा अशी निवडा की आधीचं वाक्य वाचल्याशिवाय ती भरता येऊ नये.

चुकीचे पर्याय मनाने बनवू नका. आधी एका वर्गात तोच प्रश्न खुला विचारा आणि मुलांनी दिलेली चुकीची उत्तरंच पर्याय म्हणून वापरा. चार पर्यायांचे दहा प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी अडीच बरोबर येतात, त्यामुळे तीन आणि चार गुणांतल्या फरकावरून मुलांची क्रमवारी लावू नका. उतारा शेवटपर्यंत मुलांसमोर राहू द्या, तो काढून घेतलात की पाठांतर मोजलं जातं. शुद्धलेखनाचे गुण कापू नका. ज्यांचं लिहिणं कच्चं आहे त्यांची उत्तरं तोंडी घ्या. वेळ जातो हे मान्य, पण दिवसाला दोन मुलं घेतली तर महिन्याभरात वर्ग होतो.

एक प्रयोग मात्र जरूर करा, मुलांना मजाही येते. उताऱ्यात मुद्दाम एक विसंगती पेरा. एलन मार्कमन यांनी 1979मध्ये तिसरी ते सहावीच्या मुलांना असे मजकूर दिले होते: समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, आणि तिथले मासे आपलं अन्न रंगावरून ओळखतात. बऱ्याच मुलांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वाचताना ‘थांब, हे जुळत नाही’ असं मनात येतं का, हे कळायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आधी न सांगता करा. दुसऱ्यांदा ‘यात एक चूक आहे’ असं सांगून करा. सांगितल्यावर सापडली तर मूल समजू शकतं, फक्त सवय नाही.

आता तुमचा उतारा. विषय उत्तम आहे, बदलू नका. मध, फुलं, राणीमाशी हे थोडं कमी करून नाचाबद्दल चार वाक्यं घाला: अन्न सापडलेली माशी पोळ्यावर परत येऊन नाचते, उभ्या पोळ्यावर ती सरळ वर जात थरथरली तर अन्न सूर्याच्या दिशेला असतं, थरथर जास्त वेळ चालली तर अन्न लांब असतं. मग विचारा: ‘एक माशी सरळ खाली जात थोडाच वेळ थरथरली. बाकीच्या माश्या कुठे जातील? कशावरून?’ सूर्याच्या विरुद्ध दिशेला, जवळच, हे उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नसेल. हा प्रश्न त्या दोन्ही मुलींना आणि त्या मुलाला समोर बसवून, एकेकाला वेगळं विचारा.